तायडेभाऊ विचारत नाहीत

तायडेभाऊ कुणाला काही विचारत नसत. म्हणजे अगदी काहीच. किती वाजले हे नाही, गाडी कुठे जाते हे नाही, भाजीत मीठ पडलं का हेही नाही. बसस्टँडवर गेले की बाकावर बसायचे आणि डोळे मिटायचे. कंडक्टरने स्वतःच्या तोंडाने "मूर्तिजापूर, अकोला, अकोला" असा पुकारा केला की उघडायचे. ज्या कंडक्टरचा घसा बसला असेल त्याची गाडी तायडेभाऊंच्या लेखी सुटतच नव्हती. एकदा मी समोर लागलेल्या गाडीकडे बोट दाखवून म्हटलं, "भाऊ, विचारून तर या." ते म्हणाले, "इचारू नोको, राऊत. जाची असन तं सांगन." ती गाडी अकोल्याचीच होती. ती गेली. पुढच्या गाडीत आम्ही उभ्याने गेलो आणि रागाच्या भरात मी मूर्तिजापूरपर्यंत तोंड उघडलं नाही. मी का बोलत नाही, हेही त्यांनी विचारलं नाही.

आमची कंपनी अमरावतीत राजापेठेच्या मागच्या गल्लीत होती, दातांच्या एका दवाखान्याच्या वर. खालून किंकाळ्या यायच्या आणि वर आम्ही काम करायचो. बाजार समित्यांना भावाचे इलेक्ट्रिक फलक बनवून द्यायचे, हा आमचा धंदा. कापूस, तूर, सोयाबीन आणि त्यांच्यापुढे लाल अक्षरांत आजचा भाव. वऱ्हाडचं नाव रोज पेपरात येत होतं आणि चांगल्या कारणासाठी एकदाही येत नव्हतं, ती ही वर्षं. शेतमालाचा भाव पडला तरी तो ठळक अक्षरांत पडावा, एवढी सोय आम्ही करत होतो. मी गावोगाव हिंडून फलक विकायचो आणि नामदेव तायडे फलकाच्या आतला प्रोग्रॅम लिहायचे. आमची टेबलं समोरासमोर होती, त्यामुळे त्यांचं तत्त्वज्ञान मला जेवणाच्या डब्याबरोबर रोज मिळायचं.

ते तत्त्वज्ञान युनिक्समधून आलेलं होतं. युनिक्स ही कॉम्प्युटर चालवायची एक पद्धत. तिच्यात म्हणे सगळंच फाइल असतं. कागद फाइल, कीबोर्ड फाइल, फोनची तार फाइल. काहीही उघडलं की सिस्टिम तुमच्या हातात एक नंबर देते, दवाखान्यात कंपाउंडर देतो तसा. त्या नंबराला फाइल डिस्क्रिप्टर म्हणतात. पहिले तीन नंबर आधीच वाटून झालेले असतात. शून्य ऐकायला, एक बोलायला आणि दोन तक्रारीला. आमच्या मालकांना तायडेभाऊ पाठीमागे 'दोन नंबर' म्हणत. मालकांना वाटायचं, कंपनीत आपला मान दुसरा आहे तर पहिला कुणाचा. ते बरेच दिवस त्या माणसाचा शोध घेत होते.

"आता पाह्य," तायडेभाऊ डबा उघडता उघडता सुरू करायचे. "गाढव प्रोग्रॅम काय करते, तं घडीघडी दारात जाऊन इचारते. आलं का? आलं का? आलं का? मशीन तापते, काम होत नाही, अन् ज्याले इचारलं त्याचंबी डोकं उठते. शहाना प्रोग्रॅम नंबर हातात धरते, कर्नेलले म्हनते, बापा, याच्यावर काही आलं तं मले उठवजो. अन् झोपते."

कर्नेल म्हणजे मशीनच्या पोटातला मुख्य कारभारी, एवढं मला समजलं होतं.

"आणि कारभारी विसरला तर?" मी विचारायचो.

"कर्नेल इसरत नसते." हे ते अशा आवाजात म्हणायचे की पुढे बोलायची सोय उरायची नाही.

हे सगळं ऑफिसात राहिलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण भाऊ तेच घरी राबवत. गाडगेनगरात त्यांनी एक खोली भाड्याने घेतली होती. लग्न झालेलं नव्हतं. खोलीत एक खाट, एक खुर्ची, पुस्तकांचा ढीग आणि खुर्चीसमोर भिंतीवर एक लाकडी फळी. फळीला बैलांच्या गळ्यातल्या घंट्या ओळीने टांगलेल्या. त्या वर्षांत बडनेऱ्याच्या बाजारात अशा घंट्या मोडीच्या भावात ढिगाने मिळत. बैल विकले गेले होते, गळ्यातलं मागे राहिलं होतं. प्रत्येक घंटीला एक दोरी आणि दोरीचं दुसरं टोक कुठेतरी बाहेर. एक दोरी नळाखालच्या टाकीतल्या तरंगत्या डब्याला, पाणी आलं की ती घंटी वाजे. एक फाटकाला. एक दुधाच्या पातेल्याला. "धा दरवाजे राखाचे तं धा जागी उभं नाही राहाचं," ते मला समजावत होते. "एका जागी बसाचं. जो वाजन त्याले उठून पाहाचं." नळाला पाणी कधी येईल हे अमरावतीत कुणीच सांगू शकत नसल्यामुळे ही व्यवस्था मला पहिल्यांदा फार पटली.

मग एके दिवशी घरमालकीणकाकूंनी त्या दोऱ्या पाहिल्या आणि भाडेकरूने न सांगता एवढी वाळत घालायची सोय केली म्हणून खूश होऊन घरातली सगळी धुणी त्यांच्यावर टाकली. ओल्या नऊवारीचं वजन पडलं. फळीवरच्या सगळ्या घंट्या एकदम वाजल्या. पाणी, दूध आणि पाहुणे एकाच वेळी आल्याचं समजून तायडेभाऊ एका हातात बादली, दुसऱ्या हातात पातेलं घेऊन बाहेर धावले आणि काकूंच्या परकरात अडकून पडले. काकूंनी विचारलं, "काय झालं हो?" भाऊ पडल्या पडल्या म्हणाले, "मजकूर चुकला."

कामात मात्र माणूस पक्का होता. त्यांच्या आधीच्या पोराने फलकाचा जो प्रोग्रॅम लिहिला होता तो दर सेकंदाला बाजार समितीच्या कॉम्प्युटरला विचारायचा, नवा भाव आला का. दुपारपर्यंत तो कॉम्प्युटर असा काही तापायचा की समितीचा कारकून त्यावर पापड ठेवून बघायचा. तायडेभाऊंनी ते सगळं काढून टाकलं. आता फलक झोपायचा, भाव आला की उठायचा, अक्षरं बदलायचा आणि परत झोपायचा. आम्ही तो अकोला जिल्ह्यातल्या एका बाजार समितीत दाखवायला नेला. सभापती खुर्चीत बसले, संचालक मंडळ मागे उभं राहिलं, चिवडा आला. फलक लावला. भाव लागला होता तो दिसत होता. नवा सौदा व्हायचा होता, म्हणून फलक गप्प होता.

सभापतींनी बराच वेळ वाट पाहिली. मग म्हणाले, "हे तं झोपलं, हो."

"झोपलं नाही, साहेब. वाट पाहून राह्यलं," तायडेभाऊ म्हणाले.

"काय फरक आहे?"

"झोपलेल्याले उठवा लागते. हे सोताच उठते."

"पन काही करत तं नाही ना!" सभापती मंडळाकडे वळले. मंडळाने माना डोलावल्या. जुना फलक कसा सतत थरथरायचा, गरम व्हायचा, त्यातून आवाज यायचा, त्यामुळे समिती काम करते असं शेतकऱ्यालाही वाटायचं, असं एका संचालकांनी सांगितलं. ऑर्डर हातातून जायची वेळ आली. मालकांनी मला बाहेर घेतलं, मी तायडेभाऊंना बाहेर घेतलं आणि संध्याकाळी फलकाच्या कोपऱ्यात एक हिरवा दिवा बसला. त्या दिव्याला काही काम नव्हतं. तो नुसता लुकलुकायचा. सभापती म्हणाले, "आता कसं, चालू वाटते!" पुढच्या समितीने आमच्याकडे दोन दिवे मागितले. तायडेभाऊंना हे फार लागलं, पण मला नवल वाटलं नाही. अमरावतीच्या कचेऱ्यांमध्ये लुकलुकणाऱ्या कितीतरी माणसांना बढती मिळालेली मी पाहिली आहे.

त्यांच्या लग्नाचाही एक प्रयत्न झाला, आणि तो मी केला. माझी सासुरवाडी अकोल्याची. बायकोच्या ओळखीत एक शिक्षिका होती, समाजातलीच, वय थोडं वाढलेलं, हसरी. मी भाऊंना इस्त्रीच्या शर्टात घेऊन गेलो. पोहे झाले. मुलीचे वडील म्हणाले, "विचारा, काही विचारायचं असेल तर." तायडेभाऊ म्हणाले, "माहं काही इचाराचं नाही. तिले सांगाचं असन तं सांगन." स्वयंपाक येतो का, नोकरी सोडणार का, असलं काहीही न विचारणारा हा पहिलाच मुलगा. ती मुलगी त्यांच्याकडे बघून इतकं गोड हसली की मी बसमध्येच मनातल्या मनात आहेर ठरवला. भाऊंनाही ती आवडली होती. दुसऱ्याच दिवशी ते शिंप्याकडे नवा शर्ट टाकून आले.

पण आपल्याकडची रीत अशी की होकार मुलाकडून कळवायचा. मुलीकडचे लोक निरोपाची वाट पाहत बसले. आणि इकडे तायडेभाऊ मुलीकडून काही कळेल म्हणून बसले. मी विचारलं की म्हणायचे, "इचारू नोको. होईन तं सांगतीन." शर्ट शिवून आला. उन्हाळा गेला. शेवटी माझ्या बायकोने अकोल्याहून बातमी आणली की मुलीचं वाशिमला जमलं, आणि अमरावतीचा तो शांत मुलगा काहीच का बोलला नाही म्हणून ती बरेच दिवस उदास होती. मी हे भाऊंना सांगितलं तेव्हा ते आधी हसले. म्हणाले, "दोघंबी वाचाले बसले, राऊत. लिवनारा कोनीच नाही. असा प्रोग्रॅम लटकते." मग त्यांनी स्क्रीनकडे तोंड फिरवलं आणि संध्याकाळपर्यंत एक अक्षरही टाइप केलं नाही. मला त्यांचा इतका राग आला होता की माझा डबाही मी त्यांना दिला नाही.

पुढे कधीतरी ते ऑफिसात कचोऱ्यांचं पुडकं घेऊन आले. आम्हाला वाटलं, जमलं कुठेतरी. तसं काही नव्हतं. लिनक्समध्ये, म्हणजे युनिक्सच्या त्या फुकट मिळणाऱ्या भावंडात, एक नवी सोय आली होती. आजवर एका प्रोग्रॅमने दुसऱ्याला नुसतं 'ऊठ' म्हणायचं झालं तरी पाइप टाकून त्यातून एखादं निरर्थक अक्षर ढकलावं लागे. आता त्यासाठी खास नंबर निघाला होता.

"मजकूरच नाही, राऊत!" भाऊंचे डोळे चमकत होते. "कोनं हाक मारली, काहून मारली, काही नाही. नुसती हाक. पाच डाव मारली तं पाच हा आकडा. वाचला की पुन्हा शून्य. किती सुद्द गोष्ट आहे!"

"याला मिस कॉल म्हणतात," मी कचोरी खात म्हणालो. "आणि तो आमच्या गल्लीतल्या पोट्ट्यांना तुमच्या आधीपासून माहीत आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग कपाळावर हात मारला. त्या दिवशी त्यांनी खालच्या दातांच्या डॉक्टरांनाही जाऊन सांगितलं की मार्केटिंगवाल्या राऊतला युनिक्स समजते.

आता इंदूबाईंबद्दल सांगायला हवं. इंदूबाई ही भाऊंची मोठी बहीण. ते तिला नुसतं 'बाई' म्हणत. आईवडील लवकर गेल्यावर तिने त्यांना वाढवलं होतं. नवरा कधीच वारला होता, मूलबाळ नव्हतं, आणि चांदूर बाजारच्या अलीकडच्या गावात संत्र्याची थोडी झाडं आणि तुरीचं वावर ती एकटी सांभाळत होती. भाऊ महिन्यातून एखाद्या रविवारी जायचे, खाटेवर बसायचे, ती वाढेल ते जेवायचे आणि परत यायचे. तिथेही विचारणं नाहीच.

अशाच एका रविवारी ते गावात असताना एक पाहणी पथक आलं. त्या वर्षांत वऱ्हाडात पथकांचं पीक चांगलं आलं होतं. पांढऱ्या गाड्या, पुढे कापडी फलक, आत मुंबईचे नाही तर दिल्लीचे लोक आणि त्यांच्यासाठी पाण्याच्या बंद बाटल्या. त्यांनी इंदूबाईंना ओट्यावर बसवून विचारलं, तुम्हाला झोप लागते का, भूक लागते का, मनात वाईट विचार येतात का, येत असतील तर कधीकधी, वारंवार की नेहमी. बाई म्हणाल्या, "तुमी येता तवा येतात." ते त्यांनी लिहून घेतलं. गाडी धूळ उडवत पुढच्या गावाला तेच विचारायला गेली.

तायडेभाऊ सोमवारी ऑफिसात आले ते उतरलेल्या चेहऱ्यानेच. "जित्या मानसाले असं इचारू नये," एवढंच म्हणाले. आणि त्याच आठवड्यात त्यांनी बहिणीला मोबाइल नेऊन दिला. ठरलं असं की तिने रोज दिवेलागणीला एक मिस कॉल द्यायचा. वाजला म्हणजे ती बरी आहे. त्यांनी उचलायचा नाही, तिने बोलायचं नाही. विचारायचं तर मुळीच नाही. ही युक्ती माझ्या कचोरी खातानाच्या बोलण्यातून निघाली म्हणून मला अभिमानच वाटला होता.

तेव्हापासून रोज संध्याकाळी भाऊंचा फोन टेबलावर थरथरायचा आणि थांबायचा. ते मान न वळवता म्हणायचे, "हं." आणि काम चालू ठेवायचे. ऑफिसातल्या नव्या लोकांना वाटायचं, काहीतरी भानगड आहे. रिसेप्शनवरच्या मुलीने तर तिचं नावही ठरवून टाकलं होतं. पण मी समोर बसायचो. तो 'हं' म्हणण्याच्या आधी भाऊंचे खांदे ताठ असायचे आणि नंतर खाली यायचे, हे मला दिसायचं.

एका संध्याकाळी फोन वाजला नाही.

"नेटवर्क नसन," ते म्हणाले. मी म्हटलं, लावून बघा. त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशीही वाजला नाही. त्या दिवशी या माणसाने काय केलं, तर फोन ड्रॉवरमध्ये ठेवला, ड्रॉवर बंद केला, उघडला, फोन बघितला, बंद केला, परत उघडला. सबंध दिवस. चहा पिताना, बोलताना, मालक समोर उभे असताना. त्यांचा तो गाढव प्रोग्रॅम माझ्यासमोर खुर्चीत बसला होता आणि त्यांची थट्टा करायची इतकी चांगली संधी मला पुन्हा मिळणार नव्हती. पण मी ती सोडून दिली. रोजच्या पेपरात पहिल्या पानावर खाली जीव दिलेल्या शेतकऱ्यांच्या चौकटी यायच्या, गावाचं नाव आणि माणसाचं नाव. त्या सकाळी भाऊंनी पेपर घडी न मोडता तसाच माझ्या टेबलावर ठेवला होता.

पुढच्या दिवशी दुपारी मी मोटरसायकल काढली आणि म्हणालो, "बसा मागे."

त्यांनी कुठे म्हणून विचारलं नाही. वलगाव गेलं. रस्त्याला खड्डे होते तरी गाडी बरी पळत होती, आणि मागून आवाज येत होता, "हळू चालव." मी हळू केली. थोड्या वेळाने पुन्हा, "हळू चालव, राऊत." इतकी हळू की एक सायकलवाला आम्हाला ओलांडून गेला आणि वळून हसला. गावाच्या फाट्यावर टपरी दिसली तसं त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "च्या घेऊ." मी चिडलोच. गाव समोर दिसत होतं. पण उतरलो.

चहा आला. त्यांनी तो हातात धरून ठेवला.

"मले सारे हासतात," ते म्हणाले. "इचारत नाही म्हून. पन इचारलं तं उत्तर येते न, राऊत. बाई म्हनली, बरी नाही, तं मंग मी काय करू?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी चहा प्यायलो. युनिक्स, कर्नेल, नंबर, घंट्या या सगळ्याखाली हा माणूस इतका घाबरलेला असेल हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, आणि टपरीवर बसून मला त्याचं फार वाईट वाटलं.

घरासमोर आलो तर इंदूबाई ओट्यावर बसून सुपात तूर पाखडत होत्या. धडधाकट दिसत होत्या. मी सुटकेचा श्वास सोडला आणि मोठ्याने "जयभीम, बाई" म्हणालो. त्यांनी मला जयभीम घातला. भावाकडे पाहिलंही नाही.

"फोन बिघडला का, बाई?" मीच विचारलं.

"कायले बिघडन. थो पाह्य फळीवर. चांगला हाय."

"मग वाजवला नाही?"

"नाही वाजवला."

तायडेभाऊ अंगणातच उभे होते. चपलाही काढलेल्या नव्हत्या. "बाई, असं ठरलं होतं," ते म्हणाले. "वाजला म्हंजे तू बरी."

इंदूबाईंनी सूप खाली ठेवलं. "तुह्यासाठी ठरलं होतं. माह्यासाठी काय ठरलं होतं? रोज संध्याकायी मी तुले हाक मारून राह्यली, अन् तू ओ देत नाही. वाजते, वाजते, अन् मंग मलेच कापा लागते. शेजारीन इचारते, काय वो बाई, भाऊ उचलत नाही का तुमचा? काय सांगू तिले? नंबराचं सांगू?"

भाऊ फळीवरच्या फोनकडे बघत राहिले.

"अन् मी बरी होती म्हून वाजवत होती असं नाही, नामा. पोळ्याच्या टायमाले तापानं फनफनली होती. उठवत नव्हतं. तवाबी वाजवला. आंगनात पाय घसरून पडली, तवाबी वाजवला. तुह्या जिवाले घोर लागू नये म्हून रोज वाजवला."

मला कचोरीची आठवण झाली आणि तोंड कडू पडलं. भाऊंचा चेहरा मात्र मला बघवेना. रोजच्या त्या 'हं' मध्ये त्यांनी जे काही समजून घेतलं होतं ते सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर उलटंपालटं होत असावं.

"गाड्या भरभरून लोकं येऊन गेले," बाईंचा आवाज खाली आला होता. "ज्यायचा माह्याशी संबंध नाही ते इचारून गेले, झोप लागते का. तुले एवढं शिकवलं. तूच राह्यला इचाराचा. म्हून म्या बंद केलं. म्हटलं, पाहू, आतातरी इचारते का."

भाऊंनी चपला काढल्या. ओट्याची पायरी चढले आणि बहिणीसमोर खाली जमिनीवर बसले. त्यांचं तोंड उघडलं, मिटलं. मला वाटलं, जमणार नाही त्यांना. मी मध्ये बोलणार होतो, पण बाईंनी हातानेच मला गप्प केलं.

"बाई," ते म्हणाले. "कशी आहे तू?"

इंदूबाईंनी सूप जवळ ओढलं. पदराने सुपातली धूळ पुसली.

"बरी नाही," त्या म्हणाल्या.

ज्या दोन शब्दांना भिऊन हा माणूस जन्मभर गप्प राहिला होता ते आले होते. भाऊ उठून गेले नाहीत. त्यांनी उपाय सांगितला नाही, डॉक्टरचं नाव घेतलं नाही. तिचा गुडघ्यावरचा हात आपल्या हातात घेतला आणि म्हणाले, "मंग?"

मग बाई बोलायला लागल्या. गुडघा दुखतो. संध्याकाळ झाली की घर अंगावर येते. एकटीसाठी चूल पेटवावीशी वाटत नाही, सकाळचीच भाकर खाते. मागच्या गल्लीतली सखू, जिच्याबरोबर निंदायला जायची, ती पोराकडे सुरतेला गेली, आता वावरात बोलायला कुणी नाही. संत्र्याच्या झाडांशी बोलते, लोक हसतात. थांबल्या की भाऊ म्हणत, "मंग?" आणि त्या पुढे सांगत. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तरी चेहरा हळूहळू सैल होत चालला होता. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

उन्हं उतरायला लागली होती. मला अंधाराच्या आत अमरावती गाठायची होती. तायडेभाऊ माझ्याबरोबर येणार नव्हते हे न सांगताही दिसत होतं. निरोप घ्यावा तर बोलणं तुटेल. मी हळूच अंगणातून बाहेर आलो. मोटरसायकल तिथे सुरू केली नाही. गल्लीच्या टोकापर्यंत ढकलत नेली, अगदी पाराच्याही पलीकडे, आणि तिथे किक मारली.